नावं तीच, नाती वेगळी

इंदापूरच्या कॉलेजात गणित शिकवणाऱ्या ज्योत्स्नाला कुणी विचारलं, की तुमच्या पीएच.डी.चा विषय काय, तर ती उत्तर द्यायचं टाळायची. विषय अवघड होता म्हणून नव्हे. उत्तर ऐकून माणसं जो चेहरा करायची, त्याची तिला चीड यायची. गणितवाले म्हणायचे, हे तर जीवशास्त्र झालं. जीवशास्त्रवाले म्हणायचे, हे गणित झालं, आमच्याकडं कशाला आणता? आणि पिंपळीला माहेरी गेली, की अक्काबाई, म्हणजे तिची आई, शेजारणीला सांगायची, आमची ज्योत्स्ना पाव फुगवायच्या पावडरीवर काम करती. आईचं सांगणं त्यातल्या त्यात खऱ्याच्या जवळ होतं.

विषय खरं म्हणजे अर्ध्या तासात कुणालाही समजावा असा होता, पण अर्धा तास द्यायला कुणी तयार नव्हतं. पेशीच्या आत हजारो प्रोटीनं असतात. ती एकेकटी काम करत नाहीत, एकमेकांना धरून करतात. कोण कुणाला धरतं हे कागदावर मांडायचं, तर प्रत्येक प्रोटीनचा एक ठिपका काढायचा आणि जी दोघं एकमेकांना धरतात त्यांच्यामध्ये एक रेघ ओढायची. झाला आलेख. असा एका जीवाचा एक आणि दुसऱ्या जीवाचा एक, असे दोन आलेख शेजारी ठेवायचे आणि बघायचं, कुठल्या रेघा दोन्हीकडं आहेत, कुठल्या एकीकडंच. ठिपके आणि रेघा यांचं गणित तर शंभर-दोनशे वर्षं तयारच होतं. ते पेशीवर लावायचं, एवढीच ज्योत्स्नाची हौस.

दोन जीव म्हणून तिनं दोन यीस्ट घेतली होती. ती तिला नवऱ्यानं सुचवली. रविंद्र एका साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत केमिस्ट होता, मळीत यीस्ट सोडून तिची दारू करणं हे त्याचं रोजचं काम. त्यानंच एकदा सूक्ष्मदर्शकाखाली दाखवलं होतं. एक यीस्ट असं, की त्याच्या अंगाला कळी फुटते आणि ती गळून वेगळी होते. दुसरं लांबट, ते मधोमध दुभंगतं. दोन्ही दिसायला साधी, पण एकमेकांपासून कोट्यवधी वर्षांपूर्वी फुटलेली. दोन्हींवर परदेशात ढीगभर काम झालेलं. ज्योत्स्नानं ठरवलं, हीच दोन.

पुढची पाच वर्षं तिनं कशी काढली ते तिचं तिला माहीत. शनिवारी इंदापूरचं कॉलेज उरकून पुण्याची एसटी गाठायची, ग्रंथालयात बसून परदेशी मासिकं चाळायची, कोण कुणाला धरतं याचे तक्ते झेरॉक्स करून आणायचे. बारामतीला एका कॉम्प्युटर क्लासच्या मालकाला गळ घालून दुपारी रिकामं मशीन मिळवायचं. प्रोग्रॅम अर्धा चालला, की वीज जायची. वीज आली, की फ्लॉपी रुसायची. तिच्या बरोबरीच्या बाया तोवर दोन-दोन पोरांच्या शाळा बघत होत्या आणि ही ठिपके जुळवत होती.

पण निष्कर्ष निघाला आणि तो झकास निघाला. दोन्ही यीस्टमध्ये एकाच नावाची पुष्कळ प्रोटीनं होती, पण त्यांच्यामधल्या रेघा जवळजवळ जुळतच नव्हत्या. इकडं सीडीसी-टू नावाचं प्रोटीन सीडीसी-ट्वेंटीफाइव्हला धरतं, तिकडं त्याच नावाची दोघं एकमेकांना ओळखही दाखवत नाहीत. म्हणजे निसर्गानं माणसं तीच ठेवली आणि सोयरिकी सगळ्या मोडून नव्या जुळवल्या. तिचे मार्गदर्शक खलाटे सर हे ऐकून खुर्चीतून उठलेच. बारामतीच्या कॉलेजात त्यांनी आयुष्यभर पदवीच्या पोरांना कॅल्क्युलस शिकवलं होतं. ज्योत्स्ना ही त्यांची पहिली पीएच.डी.ची विद्यार्थिनी, आणि निवृत्ती तोंडावर आल्यामुळं बहुधा शेवटचीही. त्यांनी त्या निष्कर्षाला एक घोषवाक्यच करून टाकलं, 'नावं तीच, नाती वेगळी'. स्टाफरूममध्ये, लग्नाच्या पंगतीत, एसटीच्या रांगेत, सर ते कुणालाही ऐकवायचे. प्रबंधाच्या नोंदवलेल्या शीर्षकातही त्याचंच जडजंबाल रूप होतं.

आता राहिला होता शेवटचा सेमिनार. पुण्याहून तीन प्राध्यापकांची समिती बुधवारी बारामतीला येणार, ज्योत्स्नानं काम मांडायचं, समितीनं होकार दिला की प्रबंध सादर. नोंदणीची मुदत एकदा वाढवून झाली होती आणि या महिन्याअखेर संपत होती. इंदापूरची नोकरी तात्पुरती होती. दर जूनला नव्यानं नेमणूक मिळायची, आणि संस्थेनं स्पष्ट सांगितलं होतं की डॉक्टरेट झाली तर कायम करू, नाहीतर यंदा दुसरं माणूस बघू. तेव्हा सगळं त्या बुधवारावर येऊन ठेपलं होतं.

त्याच्या आधीच्या शनिवारी मधल्या सुट्टीत एक मुलगी स्टाफरूमच्या दारात येऊन उभी राहिली. अंगावर फिकट पंजाबी ड्रेस, हातात चाचणीचे दोन पेपर. ज्योत्स्नाच्या पहिल्या वर्षाच्या वर्गात सव्वाशे पोरं. तोंडं ओळखीची, नावं पेपरवर, आणि दोन्हींची गाठ क्वचितच पडायची. नाव विचारलं तर म्हणाली, नकोशी जाधव. मग ज्योत्स्नाला आठवलं. पहिल्या चाचणीत पैकीच्या पैकी आणि दुसरीत जवळपास कोरा पेपर. तिनंच त्या कोऱ्या पेपरवर लाल शाईनं लिहिलं होतं, 'एवढी घसरण का? लक्ष कुठं असतं?'

तिनं तोच प्रश्न तोंडी विचारला, आणि जरा चढ्या आवाजातच. डोक्यात बुधवार होता, आणि एवढी हुशार पोरगी मधेच ढेपाळते याचा तिला खरंच राग आला होता. मुलगी ऐकून घेत राहिली. मग तिनं कोरा पेपर टेबलावर ठेवला.

"मॅडम, ह्यो माझा न्हाय. ह्यो बावड्याच्या नकोशीचा हाय. मी निमगावची. पयल्या चाचणीला ती नव्हती, दुसरीला मी."

ज्योत्स्नानं दोन्ही पेपर जवळ ओढले. अक्षर वेगळं होतं. सरळ वेगळं होतं, आंधळ्यालाही दिसावं इतकं. पण नाव तेच, आडनाव तेच, म्हणून तिनं अक्षराकडं बघितलंच नव्हतं. दोन पोरींची एक पोरगी करून वर तिची घसरण काढली होती. ती ओशाळली आणि ओशाळल्यामुळं आणखी चिडली. म्हणाली, एका वर्गात दोघींचं एकच नाव, असं कसं झालं?

मुलीला या प्रश्नाचं नवल वाटलं असावं. "ते नाव न्हाय वो मॅडम. पोरगी नको असताना झाली की ती नकोशी. मी चवथी, म्हणून मी. ती तिच्या घरात कितवी हाय कुणास ठावं. गावोगाव हायेत. तुमी बापाचं नाव बघायचं की."

एवढं बोलून ती गुण दुरुस्त होतील ना, असं विचारून गेली. ज्योत्स्नानं हो म्हटलं, दुरुस्तही केले. मग पुढच्या तासाला ती फळ्यावर एक उदाहरण सोडवत होती आणि मध्येच तिचा हात थांबला. ते नाव न्हाय. कितवी हाय कुणास ठावं.

सीडीसी-टू. सीडीसी म्हणजे पेशी दुभंगण्याचं चक्र, आणि टू म्हणजे दोन. म्हणजे कुणीतरी प्रयोगशाळेत बसून दुभंगणं अडलेल्या पेशी शोधल्या, आणि ज्यांच्यामुळं अडलं त्यांना सापडतील तसे आकडे टाकले. पहिला एक, दुसरा दोन. एका यीस्टवर एका देशातल्या लोकांनी हे केलं, दुसऱ्या यीस्टवर दुसऱ्या देशातल्या लोकांनी. दोन्हीकडं मोजणी एकपासून. मग इकडचा दुसरा आणि तिकडचा दुसरा एकच कशावरून?

तास तिनं कसाबसा संपवला. पुण्याची गाडी पकडायच्या ऐवजी ती बारामतीच्या, घरच्या गाडीत बसली. घरी येऊन तिनं पलंगाखालचे झेरॉक्सचे गठ्ठे ओढून काढले. पाच वर्षं तिनं त्या लेखांमधले फक्त तक्ते वाचले होते. सुरुवातीची दोन-तीन पानं म्हणजे जीवशास्त्रवाल्यांचा पाल्हाळ, असं समजून ती उलटायची. आता पहिल्याच गठ्ठ्यातल्या दुसऱ्याच लेखात, दुसऱ्याच परिच्छेदात ते वाक्य सापडलं. दुभंगणाऱ्या यीस्टच्या सीडीसी-टूचा खरा जोडीदार कळीवाल्या यीस्टमध्ये सीडीसी-ट्वेंटीएट या नावानं राहतो. कळीवाल्याचं सीडीसी-टू हे निराळंच प्रोटीन, डीएनएची नक्कल काढणारं. सीडीसी-ट्वेंटीफाइव्हचीही तीच गत. कुणी लपवून ठेवलेलं नव्हतं, कुणी फसवलं नव्हतं. छापून ठेवलेलं होतं, हिनं वाचलं नव्हतं.

तिला रडू आलं नाही. संताप आला, आणि तो काढायला समोर कुणी नव्हतं, म्हणून तिनं त्या गठ्ठ्यालाच लाथ मारली. कागद खोलीभर झाले. मग तेच कागद गोळा करून ती पुन्हा जमिनीवर बसली, आणि या खेपेला नाव बाजूला ठेवून कूळ बघायला लागली. प्रत्येक प्रोटीन म्हणजे बारीक दुव्यांची एक साखळी. दोन साखळ्या दुव्यामागं दुवा जुळल्या, तर दोघांचा बाप एक. ज्यांचं कूळ लेखांमध्ये दिलं होतं, तेवढ्यांच्या जोड्या तिनं नव्यानं लावल्या आणि हातानंच रेघा ओढायला घेतल्या.

रविवारी दुपारी रविंद्र पाळी संपवून आला तेव्हा भिंतीला दोन मोठे कागद चिकटवलेले होते आणि त्यांच्याकडं बघत ज्योत्स्ना बसली होती. दोन्ही कागदांवरची चित्रं जवळजवळ सारखी होती. मध्यभागी एक ठिपका, त्याला आवरणारा एक, मोकळा करणारा एक, ज्याच्याशिवाय त्याचं काम होत नाही असा एक. इकडं त्यांची नावं एक, तिकडं दुसरी, पण कोण कुणाला धरतं ते तसंच्या तसं. कोट्यवधी वर्षं झाली तरी मोडलं नव्हतं. तिचा निष्कर्ष सपशेल उलटा होता. नावं वेगळी, नाती तीच.

"हे तर भारीच हाय की," रविंद्र म्हणाला. तो मनापासून म्हणाला, आणि म्हणूनच तिला जास्त झोंबलं. मधलं हे चार-पाच ठिपक्यांचं जगाला आधीच ठाऊक होतं, बाकीचा आलेख पुन्हा पहिल्यापासून जुळवायला दोन वर्षं लागतील आणि तिच्याकडं होते तीन दिवस. रविंद्रनं सगळं ऐकून घेतलं. मग हळूच म्हणाला, की आधी पास हो, नोकरी पक्की होऊ दे, मग खरं काय ते सावकाश छाप. त्यात त्याला काही वावगं वाटत नव्हतं, आणि त्या क्षणी तिलाही फारसं वाटलं नाही. तेच तिला छळत राहिलं.

सोमवारी ती खलाटे सरांच्या घरी गेली. सरांनी सगळं शांतपणे ऐकलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग विचारलं, समितीतलं कुणी यीस्टमधलं जाणतं का? कुणी जाणत नव्हतं. एक आकड्यांच्या सिद्धांतातले, एक द्रवांच्या प्रवाहातले, अध्यक्ष तर असल्या मिती हाताळणारे, की ज्या कुणी डोळ्यांनी पाहिलेल्या नाहीत. मग सर म्हणाले, गणितात चूक आहे का? नव्हती. दिलेल्या ठिपक्यांवर आणि रेघांवर दोन आलेख किती जुळतात हे मोजण्याचं तिचं प्रमेय चोख होतं. सरांचं म्हणणं पडलं, की आपण गणिताची पदवी मागतोय, गणित बरोबर आहे, विषय संपला. तिनं मान हलवली नाही, तेव्हा त्यांचा आवाज खाली आला. त्यांनी पस्तीस वर्षं दुसऱ्यांच्या विद्यार्थ्यांचे सत्कार बघितले होते. तेवढंच ते बोलले आणि चहा सांगायला आत गेले. ज्योत्स्नाला त्यांचा राग यायला हवा होता, पण नेमका तिथंच तो येईना. चहा न घेताच ती उठली.

बुधवारी समिती आली. हार, नारळ, पोहे, सगळं झालं. तिघांपैकी दोघांनी पोहे खाताना यीस्टवरून विनोद केले, एक पावाचा, एक दारूचा. ज्योत्स्नानं हे दोन्ही विनोद पाच वर्षांत इतक्या वेळा ऐकले होते, की हसायची जागा आली की तिचे ओठ आपोआप हलायचे. मग ती फळ्यापाशी उभी राहिली. प्रमेय मांडलं, सिद्ध केलं. प्रोग्रॅम सांगितला. जुना निष्कर्ष सांगितला. खलाटे सरांनी हुश्श केलं, आणि तेवढ्यात ती म्हणाली, की हा निष्कर्ष चुकीचा आहे.

तिनं सगळं सांगितलं. नावांवरून जोड्या लावल्या, नावं म्हणजे नुसते आकडे होते, कूळ बघायला हवं होतं, ते बघितल्यावर चित्र उलटं झालं. एकही गोष्ट तिनं गाळली नाही. बोलणं संपलं तेव्हा तिनं हातातला खडू खाली ठेवला. आता हे लोक झोडपून काढणार, असं तिला वाटलं. खरं सांगायचं तर ती त्याची वाटच बघत होती. झोडपायला निदान ऐकावं तरी लागतं.

अध्यक्षांनी समाधानानं मान डोलावली. म्हणाले, संशोधकाच्या अंगी असा विनय हवा, आपल्या कामाच्या मर्यादा स्वतःहून सांगायला हव्यात, हल्लीच्या मुलांमध्ये हे दिसत नाही. प्रवाहवाल्या प्राध्यापकांनी दुजोरा दिला. आकडेवाले प्रबंधाच्या बांधणीबद्दल बोलले, समास डावीकडं थोडा जास्त सोडा म्हणाले. ज्योत्स्ना पुन्हा बोलली, की सर, मर्यादा नाही, चूक आहे. ते पुन्हा हसले. प्रत्येक कामात थोडंफार राहतंच, असं म्हणून अध्यक्षांनी इतिवृत्ताचा कागद पुढं ओढला, आणि लिहिता लिहिता मोठ्यानं वाचलंही. दोन प्रजातींतील प्रोटीनांची नाती भिन्न असल्याचा निष्कर्ष समाधानकारक, प्रबंध सादर करण्यास हरकत नाही.

तिला वाटलं, आपण मराठीतच बोललो ना? पाच वर्षं कुणी ऐकलं नाही, त्याची सवय झाली होती. पण आज आपणच आपल्या विरुद्ध साक्ष दिली, तीसुद्धा कुणी ऐकली नाही. हरल्यासारखं वाटायला हवं, तर हे लोक पास करून मोकळे झाले होते. असला राग तिला आयुष्यात आला नव्हता.

तिघांच्या सह्या झाल्या, खलाटे सरांची झाली. कागद तिच्यापुढं आला. खाली तिचं नाव टाइप केलेलं होतं आणि त्याच्यापुढं मोकळी जागा. सरांनी स्वतःचं पेन टोपण काढून तिच्या हातात दिलं. त्यांच्या डोळ्यांत जे होतं, ते बघून तिला पेन धरावंसं वाटलं. तिनं ते वाक्य आणखी एकदा वाचलं आणि पेन टेबलावर ठेवलं.

"मी सही करणार न्हाय," ती म्हणाली. कॉलेजात ती कधी अशी बोलायची नाही, पिंपळीची बोली घरी ठेवून यायची. आज ती आपणहून आली. "ह्यात लिवलंय ते खोटं हाय. मीच सांगितलंय तुमाला."

खलाटे सरांनी मान खाली घातली. अध्यक्षांनी तिला समजुतीच्या सुरात सांगितलं, की उमेदवाराची सही नसेल तर सेमिनार झालाच नाही असं धरलं जाईल. महिनाअखेरीला नोंदणी रद्द होईल. नव्यानं नोंदणी म्हणजे पहिल्यापासून सगळं, तेही विषय मान्य झाला तर. ती म्हणाली, माहीत आहे. तिला खरंच माहीत होतं. जूनचं माहीत होतं, घरी जाऊन अक्काबाईला काय सांगायचं ते माहीत नव्हतं.

प्रवाहवाले घड्याळाकडं बघायला लागले, आकडेवाल्यांनी पिशवी उचलली. अध्यक्ष मात्र कागदाकडं आणि तिच्याकडं आळीपाळीनं बघत राहिले. ते आता वैतागले होते. एका चांगल्या झालेल्या दिवसाची या बाईनं नासाडी केली होती, आणि कशासाठी ते त्यांना कळेना.

"पण मला सांगा," ते जवळजवळ ओरडलेच, "नाती वेगळी काय आणि तीच काय, असा फरक तरी काय पडतो त्यानं?"

पाच वर्षांत तिच्या कामाबद्दल कुणी विचारलेला हा पहिला खराखुरा प्रश्न होता. ज्योत्स्नानं फळा पुसला, खडू घेतला आणि मधोमध एक ठिपका काढला.

"बसा सर," ती म्हणाली. "येळ लागंल."